दोरीवरचा तेराचा पाढा

४ फेब्रुवारी
दिवसभर लोकांच्या पोरांना गणित शिकवते आणि माझीच लेक ‘तेरा साते’पाशी अडून बसते! आज दीड तास समोर बसवलं. चुळबुळ, जांभया, मग रडं. शेवटी मी ओरडले.

९ फेब्रुवारी
शाळेतून आले तर गच्चीवर धप्‌धप्‌! लेक दोरीवरच्या उड्या मारतेय आणि उडीगणिक पाढा म्हणतेय. तेरा साते एक्क्याण्णव — न अडखळता! शेजारी माझी धाकटी जाऊ टाळ्या वाजवतेय.
म्हणते कशी, “ताई, बसून बसून पोर आंबून जाते हो. आधी घाम काढायचा, मग पुस्तक.”
नववी नापास बाई मला शिकवणार! मी हसले. आतून नुसता जळफळाट.

१० फेब्रुवारी
उड्यांनंतर लेक आपणहून वही घेऊन बसली. पाऊण तास! काकूच्या खोलीत.

१५ फेब्रुवारी
लेकीच्या वर्गशिक्षिका भेटल्या. “हल्ली किती लक्ष देते वर्गात! घरी काय करता?” मी म्हणाले, “मीच घेते ना अभ्यास.” धडधडीत खोटं.
वर घरी नवरा — “वहिनीच्या हाताला गुण आहे हं.” वहिनी कसली, धाकट्या भावाची बायको ती! आणि माझे हात काय, नुसते खडूने पांढरे व्हायला?

१९ फेब्रुवारी
दोरी उचलली. वर्गात पोरांचे भोवरे जप्त करते, तशीच — माझ्या कपाटात, पेपरांच्या गठ्ठ्यामागे. चाचणी चार दिवसांवर आलीय. आता माझ्यासमोर बसेल. पास होईल ती माझ्यामुळे!

२१ फेब्रुवारी
पुन्हा ‘तेरा साते’पाशी गाडी अडली. का, ते मला पक्कं ठाऊक आहे. तरी कपाट उघडलं नाही. इतकी कोत्या मनाची मी कधी झाले?

२३ फेब्रुवारी
चाचणी झाली. लेक थेट काकूच्या खोलीत गेली.

२७ फेब्रुवारी
वीसपैकी सात. जाऊ तिला जवळ घेऊन बसली होती. मला तेही बघवेना.

२८ फेब्रुवारी
लेकीला विचारलं, “दोरी हरवली म्हणून सांगितलं का नाहीस मला?”
“हरवली कुठे? तुझ्या कपाटात आहे. मी पहिल्याच दिवशी बघितली. काकू म्हणाली, राहू दे, आईला हवी असेल.”