पल्याडची बाभळ

आबा, आधी ऐकून घ्या, मधे बोलू नका. मी समुद्रावर उभी राहिले. नावेत बसून नाही, पोहून नाही. एका लांब फळीवर, हातात वल्हं घेऊन, उभी.

तुमच्या नातीनं नेलं. ती कोरेगावच्या एका कंपनीत ऑफिसात बसते. मे महिन्यात सुट्टी मिळाली तर म्हणाली, आई, कोकणात जाऊ. मी म्हटलं, पाणी बघायला एवढ्या लांब कशाला, आपली भीमा काय आटली का. तरी गेले. तिथं डोंगराचे दोन हात दोन्हीकडून पुढं आलेत आन् त्यांच्या मधे समुद्र शिरलाय. सकाळचं पाणी, गुऱ्हाळात काहिलीत नुकता ओतलेला उसाचा रस असतो ना, तसं हिरवट आन् गप. त्या पाण्यावर माणसं उभी होती. पाय हलत नव्हते आन् माणसं सरकत होती. मी वाळूत बसले ती बघतच बसले. पोरगी म्हणाली, "आई, चहा गार झाला." होऊ दे म्हटलं. मला तुम्ही दिसत होता.

उन्हाळ्यात गुऱ्हाळ बंद झालं की तुम्ही रस उकळायची ती मोठी लोखंडी काहील धुऊन नदीत सोडायचा. वडगावच्या काठावरून पल्याड दौंडच्या बाजूला जायला तीच आमची नाव. मधे मेथीच्या जुड्या, कडेनं आम्ही पोरं बसलेली, आन् तुम्ही एकटे उभे, बांबू तळाला टेकवून रेटताय. लोखंड बुडाखाली गार लागतंय. मी जरा उठले की तुमचं ठरलेलं, "खाली बस. काहिलीत उभं एकानंच ऱ्हायचं." तो एक मला व्हायचं होतं. दुसरं काही मागितलं नव्हतं मी तुमच्याकडं. चौथीत शाळा सोडवलीत तवा पण बोलले नाही.

आन् एक दिवस तुमच्या तळहाताला काटा जाऊन हात सुजलेला. आपण दोघंच होतो. तुम्ही बांबू माझ्या हातात दिलात आन् पुढं जाऊन बसलात. म्हणालात, "पाण्याकडं बघू नगं. पल्याडच्या बाभळीकडं बघ." काहील गोल, जरा चुकलं की गरगर फिरते. माझी फिरली नाही. सगळी नदी माझ्या पायाखालनं जात होती. पल्याडचा काठ आला, तिथं गडी म्हशी धूत होते, त्यातला एक ओरडला, "आबा, पोरगी नावाडी झाली की. आता जावई बांबूसकट आणायचा का?" बाकीचे हसले. तुम्ही उठलात, माझ्या हातातनं बांबू घेतलात. "खाली बस." काठ हाताच्या अंतरावर राहिला होता. पुन्हा कधी बांबू दिला नाही. मी चुकत होते म्हणून घेतलात, का ते हसले म्हणून, एवढंच मला विचारायचं होतं. पूल झाला, काहील भंगारात गेली, तुम्ही पण गेलात. विचारायचं राहिलं.

तर तिथं फळ्या देणारी एक पोरगी होती, तिकडचीच, उन्हानं काळी झालेली. तिनं माझ्या अंगात ते फुगीर जाकीट घातलं आन् समजवायला लागली, आधी गुडघ्यावर बसा, मग एक पाय, मग दुसरा. मी म्हटलं, "बाई, बसणं मला येतं. उभं कवा राहायचं ते सांग." कडेला पाणी कमरेएवढं. मी उभी राहिले, वल्हं खाली टोचलं, वाळूला टेकवलं आन् रेटलं. फळी अशी सुटली की काय सांगू. माझी लेक काठावरनं ओरडतेय, "आई, हळू." मी रेटतेय. मग पुढं खोल लागलं. वल्हं टोचलं तर खाली तळच नाही. मी वल्ह्यासकट पाण्यात. नाकातोंडात खारट.

ती पोरगी हसून हसून फळीला धरून राहिली. "मावशी, टोचता काय? ओढायचं असतं पाणी. आणि खाली बघू नका, लांब बघा."

"लांब काय बघू? पल्याड हाय का इथं काही?"

खरंच नव्हतं. डोंगर दोन बाजूला आन् समोर उघडं. बाभळ नाही, काठ नाही, म्हशी नाहीत. मी परत चढले. उभी राहिले. वल्ह्यानं पाणी मागं ओढलं, एकदा इकडनं, एकदा तिकडनं. पायांना सगळं ठाऊक होतं. कुठं दाबायचं, कवा ढिलं सोडायचं. किती वेळ गेला ठाऊक नाही. आवाज बंद झाले. फळीखालनं पाणी जात होतं का मीच जात होते, ते पण कळेना. मला वाटलं, लोखंडाचा गारवा लागतोय.

तवा कळलं, मी चुकत नव्हते. तुम्हाला पण ठाऊक होतं. पोरीचा भरवसा नसता तर तोंड माझ्याकडं करून बसला असता. तुम्ही पाठ करून बसला होता. मग बांबू लोकांसाठी घेतलात. त्याचा राग आहे, आबा, तो जायचा नाही. पण आता तेवढाच आहे, जास्तीचा गेला.

हा कागद कुणाला दाखवायचा नाही, कुठं टाकायचा नाही. लेकीला सांगितलं, बाजाराची यादी करतेय. तुम्हाला एक सांगते. त्या दिवशी मी बाभळीकडं बघितलंच नव्हतं. तुमच्या बंडीवर घामाचा डाग पडला होता, दोन खांद्यांच्या मधोमध. त्याच्याकडं बघत मी काहील नेली. समुद्रात पण आधी तोच शोधत होते. दिसला नाही. मग तशीच उभी राहिले.