लेइदाआजींची होडी

१८ जून
दुपारच्या बोटीने बेटावर उतरले. धक्क्यावर गावप्रमुख आर्वो स्वतः हजर. माझी ट्रंक त्याने ट्रॅक्टरवर टाकली. दवाखान्याला दोन वर्षं नर्स नव्हती, त्यामुळे कौतुक फार. संध्याकाळपर्यंत धुरावलेले मासे, राय धान्याचा काळा पाव आणि घरची बीअर दारात आली. इथे रुजायचंच, असं ठरवलंय.

२० जून
योहानाच्या रात्रीची, म्हणजे इथल्या भर उन्हाळ्यातल्या सणाची, होळी तेवीसला. दरवर्षी होळीवर एखादी जुनी होडी जाळायला चढवतात. यंदा लेइदाआजींची. त्यांचा नवरा समुद्रात गेला तो परतलाच नाही, त्याला एकतीस वर्षं झाली. आजी होडी देईनात. म्हणाल्या, "तो आला तर काय पोहत जाईल मासे धरायला?" सगळे हसले. मीही हसले.

२२ जून
आर्वोने गळ घातली. उद्या दुपारी आजींना रक्तदाब तपासायला बोलवा, तेवढ्यात होडी ओढून नेतो. नवीन माणसाने पहिल्याच कामाला नाही कसं म्हणायचं? आजींना निरोप दिला. त्यांनी माझा हात धरून आभार मानले.

२३ जून, दुपार
आजी आल्याच नाहीत. आर्वोला कळवायला हवं होतं. होडी ओढत ट्रॅक्टर निघालेला दिसला. म्हटलं, जाऊ दे.

२४ जून, पहाटे
होडीच्या नाळेकडे, पुढच्या टोकाला, झाकलेला खण असतो, जाळी ठेवायचा. ज्वाळा तिथे पोचल्या तेव्हा आतून ठोके आले. तीन, मग पुन्हा तीन. मी आर्वोकडे पाहिलं. तो म्हणाला, "डांबर तापलं की लाकूड बोलतं, सिस्टरबाई." अकॉर्डियनवाल्याने जोर लावला. सगळे मोठ्याने गाऊ लागले.
मीही गायले. मला ते गाणं येतही नव्हतं.

२४ जून, सकाळी
आजींचं दार उघडं. गाय दुधाने तटतटलेली, हंबरतेय. अंथरूण घडी केलेलं —

२५ जून
आर्वोने राखेतून काहीतरी पोत्यात भरलं. मला म्हणाला, आजींच्या मृत्यूच्या दाखल्यावर झोपेतच हृदय थांबलं असं लिहा. नाही म्हटलं. तो शांतपणे म्हणाला, "ऐकलं तर तुम्हीही होतं."
म्हणजे सगळ्यांनी —

२६ जून
शेजारची आल्मा गावचा पट्ट्यांचा घागरा देऊन गेली. आता तू आमची, म्हणाली. मापाला अगदी बरोबर.
चारला बोट आहे. मुख्य भूमीवर जाऊन पोलिसांना सांगेन, निदान एवढं तरी की आजींना दवाखान्यात बोलावणारी मीच —
आजींचा दाखला टेबलावर आहे. सही झालेली. अक्षर माझंच, पण मी सही कधी केली —