कंपनीच्या बसमधली माझी सीट

३ नोव्हेंबर, सोमवार
पुण्याच्या हेड ऑफिसमधून मेघा मॅडमचा व्हिडिओ कॉल. आमच्या शेंद्र्याच्या प्लांटला आता कल्चर हेड नेमणार. डिसेंबरअखेर ठरेल. अट एकच, माणूस लोकांमध्ये मिसळणारा हवा. मॅडम सगळ्या मॅनेजरांना उद्देशून बोलत होत्या, पण 'मिसळणारा' म्हणताना त्यांनी स्क्रीनवर माझ्याकडेच पाहिलं. एचआरमध्ये इतकी वर्षं काढली आहेत, नजर कळते मला.

संकल्प: उद्यापासून कार बंद. कंपनीच्या बसनं जायचं, सगळ्यांबरोबर.

वैदेहीला सांगितलं. तिनं कारची किल्ली कुठे आहे एवढंच विचारलं. बायकोचा पाठिंबा असला की निम्मं काम होतं.

४ नोव्हेंबर
उस्मानपुऱ्याच्या कोपऱ्यावर बस आली तेव्हा आत केवढा गोंगाट. कुणी गातंय, कुणी टाळ्या पिटतंय. मी पायरीवर पाय ठेवला आणि एकदम शांतता. माणसांना शिस्त आहे.

मधल्या रांगेत खिडकीजवळ क्वालिटीची तनुजा बसली होती. ती उठून मागे गेली, म्हणून ती सीट मला मिळाली. उभं राहून सर्वांना सांगितलं, मित्रांनो, इथं मला सर म्हणू नका, मंदार म्हणा. तनुजा म्हणाली, बरं सर. मग चिकलठाण्यापर्यंत कुणी बोललं नाही. चिकलठाण्यानंतरही नाही. पण ही आपलेपणाची शांतता होती. बडबड माणूस परक्यासमोर करतो.

७ नोव्हेंबर
धक्कादायक प्रकार. ड्रायव्हरच्या शेजारी इंजिनचं झाकण आहे, त्यावर सगळ्यांचे डबे रचलेले आणि वर गोधडी. ड्रायव्हर बद्रीनाथला विचारलं. म्हणाला, साहेब, झाकण लई तापतंय, बस गेटात उभी ऱ्हाती, दुपारपर्यंत भाकर नरम. वर्षानुवर्षं असंच चालतंय म्हणे. म्हणजे वर्षानुवर्षं कुणाचं लक्ष नाही.

लगेच सर्क्युलर काढलं: इंजिनवर ज्वलनशील वस्तू ठेवू नयेत. स्टोअरच्या संघपालनं कॅन्टीनमध्ये सगळ्यांसमोर विचारलं, सर, भाकर पेट घेती का हो? मी शांतपणे म्हणालो, शक्यता नाकारता येत नाही. सगळे माना खाली घालून जेवू लागले. पटलं असावं.

११ नोव्हेंबर
माझाही डबा गार. थंड अन्न पचायला हलकं असतं असं कुठेतरी वाचलंय.

१३ नोव्हेंबर
बसमध्ये 'आनंदी प्रवास' सुरू केला. रोज प्रत्येकानं एक सकारात्मक विचार सांगायचा. आज पहिला दिवस. पहिला म्हणाला, मी ठीक आहे. पुढच्यानंही तेच सांगितलं. मग सगळ्यांनीच. एवढं एकमत मी कुठल्याच मीटिंगमध्ये पाहिलेलं नाही.

मागच्या सीटवरून एक जण मध्येच मुकुंदवाडीला उतरू का विचारत होता. त्याचं घर तिकडे नाही.

२० नोव्हेंबर
बस थोडी रिकामी वाटते. संघपाल बाइकनं येतो, म्हणाला पेट्रोल टाकलंय तर वाया जातंय. तनुजा जावेच्या स्कूटीवर. बाकीच्यांनाही मणक्याचा त्रास, मुलांची शाळा, कुणाला बसच्या वासानं मळमळ. लोक स्वतःच्या वाहनानं येऊ लागलेत, म्हणजे राहणीमान सुधारतंय. नोंद करून ठेवली, कल्चर हेडच्या प्रेझेंटेशनमध्ये घालता येईल.

जागा भरपूर असल्यामुळे आज पाय पसरून बसलो.

२ डिसेंबर
आज बसमध्ये मी, बद्रीनाथ आणि मेंटेनन्सचा एक माणूस. तो झोपलेला. त्याला सकारात्मक विचारासाठी उठवावं का? नको, झोपही सकारात्मकच.

बद्रीनाथशी मोकळेपणानं बोललो. विचारलं, लोक का येत नाहीत? त्यानं आरशात माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, साहेब, तुम्ही गाडी घेऊन येत जा ना, तुम्हाला हितं लई हादरतंय. किती काळजी करतो माझी. त्याला म्हटलं, मला हादऱ्यांची सवय झाली. त्यानं गियर टाकला.

संध्याकाळी मेघा मॅडमना रिपोर्ट पाठवला. विषय: बसचा घटता वापर व कर्मचाऱ्यांचं वाढतं स्वावलंबन. नेतृत्वाला आकडे आवडतात. मॅडमचा अंगठा आला. एक नाही, दोन.

१५ डिसेंबर
प्लांटच्या सगळ्यांना मेल. उद्यापासून बस बंद. 'मंदार यांच्या बारकाईच्या निरीक्षणामुळे हे लक्षात आलं,' असं मॅडमनी लिहिलंय. नाव ठळक अक्षरांत. कल्चर हेडची पोस्ट माझीच.

दुपारी कॅन्टीनमध्ये माझ्या टेबलावर कुणी बसलं नाही. मेल वाचून दडपण आलं असेल.

एक छोटा प्रश्न: आता मी कसा जाणार? वैदेहीला कार मागितली. ती म्हणाली, माझी बँकेची वेळ आहे, दोन मैत्रिणींनाही सोडते मी आता, त्यांना काय सांगू? तू रिक्षानं जा, लोकांमध्ये मिसळशील.

२२ डिसेंबर
शेअर रिक्षा, मध्ये बदलावी लागते. जालना रोडवर माझ्या मांडीवर कुणाची तरी मेथीची पिशवी होती. तेवढ्यात शेजारून एक मरून रंगाची क्रूझर जीप गेली. आत आपलीच माणसं कोंबून बसलेली. तनुजा, संघपाल, झाडून सगळे. चालवायला बद्रीनाथ. मणक्याच्या त्रासवाला तर अगदी मागच्या आडव्या बाकावर, वाकडा होऊन हसत होता.

ऑफिसात तनुजाला गाठलं. वर्गणी काढून गाडी लावलीय म्हणाली, बद्रीभाऊंचंही काम सुटलं होतं ना. मी म्हणालो, उत्तम, मलाही एक सीट ठेव. ती म्हणाली, फुल आहे सर. कुणी रजेवर असलं की सांगते. तिला म्हटलं, घाई नाही.

३० डिसेंबर
मेघा मॅडम प्लांटला आल्या. नवा शर्ट घातला होता. गेटवर त्यांच्या स्वागताला उभा होतो, तर समोर क्रूझर थांबली आणि एकेक जण हसत उतरू लागला. हातात गोधडीत गुंडाळलेले डबे. मॅडमनी फोन काढून फोटो घेतला.

मीटिंगमध्ये तोच फोटो स्क्रीनवर. म्हणाल्या, हे बघा, कुणी न सांगता उभं राहिलेलं कल्चर. इथं हेडची गरजच नाही, ती पोस्ट आपण नाशिकला देतोय. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, मंदारनी योग्य वेळी मधला अडथळा दूर केला, त्यांच्यासाठी टाळ्या. अडथळा म्हणजे बस. बसच म्हणायचं असेल त्यांना.

टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. सगळ्यात जोरात संघपालनं वाजवल्या.

५ जानेवारी
नाशिकची थंडी मला सोसली नसती. झालं ते बरंच झालं.

तनुजाला सहज विचारलं, कुणी रजेवर आहे का? नाही सर.

९ जानेवारी, शुक्रवार
संघपाल लासूरला लग्नाला गेलाय. काल संध्याकाळी तनुजाचा मेसेज: उद्या एक सीट आहे. वैदेहीला दोनदा वाचून दाखवला.

कोपऱ्यावर लवकर जाऊन उभा राहिलो. क्रूझर लांबूनच ऐकू आली. काच उघडी होती आणि आत मी बोलत होतो. म्हणजे तनुजा बोलत होती, माझ्या आवाजात. मित्रांनो, भाकर पेट घेण्याची शक्यता नाकारता येत नाही. सगळे लोळत होते. नक्कल फार छान करते. शेवटी चष्मा वर सरकवते, तेसुद्धा अगदी माझ्यासारखं. मला हसू आलं, खरंच आलं.

गाडी थांबली. बद्रीनाथ म्हणाला, या साहेब, बसा. मी पायरीवर पाय ठेवला आणि एकदम शांतता. सगळ्यांनी मोबाइल काढले. ही शांतता मला ओळखीची होती. नोव्हेंबरभर तिला मी आपलेपणा म्हणत होतो.

तनुजाला सांगायचं होतं, पुन्हा कर ना, मस्त करतेस. ते जमलं नाही. म्हणालो, चार्जर विसरलो घरी, तुम्ही व्हा पुढे. चार्जर बॅगेत होता. गाडी वळणाच्या पलीकडे गेली आणि मग हसण्याचा आवाज पुन्हा आला. फार वाईट वाटलं. रिक्षानं गेलो.

संध्याकाळी वैदेहीनं विचारलं, मिळाली का सीट?
मिळाली म्हणालो. खिडकीची.