आईंच्या हाताची कुऱ्हाड

अहो,

भात टोपलीखाली झाकलाय, जेवून घ्या. आईंना नि अक्षदाला घेऊन टोकावड्याला लोहाराकडं गेलेय. पाचच्या एसटीनं परत येऊ.

तुमी शहापूरच्या बाजारातनं आणलेली कुऱ्हाड परसात पडलेय, तिला हात लावू नका. सकाळी आई फाटी फोडत होत्या. तिसऱ्या घावाला पातं दांड्यातनं सुटलं नि अक्षदाच्या कानाजवळून जाऊन कुडावर आदळलं. पोरीला काय लागलं नाय, पण माझं मन अजून थाऱ्यावर नाय.

आई बोलल्या, "कोंडूला सांगू नको गो, हौसेनं आणलेय त्यानं." तेव्हा कळलं, दांडा पहिल्या दिवसापासून हलत होता. आई रोज रात्री कुऱ्हाड पाण्यात बुडवून ठेवायच्या, म्हंजे लाकूड फुगून घट्ट बसेल. दोन महिने त्यांनी हेच केलं, तुमाला वाईट वाटेल म्हणून.

तुमी रंग नि धार बघून घेतलीत. आई सांगतात, आधी दांडा बघायचा. धामणीच्या लाकडाचा हवा, उभ्या रेषांचा, गाठ नसलेला. पातं हलकं, त्यांना पेलेल असं. म्हणून त्यांनाच घेऊन चाललेय, स्वतः हातात धरून बघतील.

आल्यावर त्यांना काय बोलू नका. पातं एवढं जवळून गेलं, तरी अक्षदा रडली नाय. मला बिलगून पहिलं हेच विचारलंन, "बाबा रागावतील का गो?"

शकू