बिनबटणांचा काळा स्वेटर

१९ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी साडेसहा.

"अग्रहारातल्या विवाहित पुरुषहो! आपण सगळे एकाच दुःखाचे धनी आहोत. बाहेर चार माणसं आपलं ऐकतात, घरात एकही नाही."

संक्रांतीच्या भाषणाची ही सुरुवात दात घासताना सुचली. तोंड न पुसताच लिहून ठेवली.

संक्रांतीनंतरच्या रविवारी आमच्या अग्रहार वस्तीतल्या मराठी मंडळींचं हळदीकुंकू आणि लहान मुलांचं बोरनहाण एकत्र असतं. भाषण दर वर्षी माझंच. यंदा तर माझ्या नातवाचं, गुंडूचं, पहिलं बोरनहाण. आयुष्यातलं सर्वोत्तम भाषण द्यायचं ठरवलं आहे.

एक किरकोळ अट आली आहे. काल शांताक्का आली होती. माझ्या बायकोची, सीतालक्ष्मीची, थोरली बहीण, महिला विभागाची अध्यक्ष, माईक तिच्या ताब्यात. बोलण्याच्या ओघात मी म्हणालो की विणकाम, केक, कुंड्यांतली फुलं, ही थंडीतली कामं बायका उगाच मोठी करून सांगतात. ठाम विचाराचा पुरुष तिन्ही एका हिवाळ्यात करील. शांताक्कानं कॉफीचा लोटा खाली ठेवला.

"तिरुमलराव, तोंडानं पुष्कळ झालं. आता हातानं करा. गुंडूनं तुम्ही विणलेला स्वेटर घातला, तर भाषण. नाही तर सुम्ने, तोंड मिटून, खाली बसून बोरं वेचायची."

मी तात्काळ मान्य केलं. सीतालक्ष्मीनं कपाळाला हात लावला. भारावली असावी.

संकल्प : स्वेटर, केक, फुलं. तिन्ही.

२२ नोव्हेंबर, मंगळवार.

सयाजीराव रोडवरून लोकर आणली. काळी. सीतालक्ष्मीचं मत, काळ्यात टाके दिसत नाहीत, शिकणाऱ्यानं पिवळी घ्यावी. मी सांगितलं, बोरनहाणाला मुलाला काळं घालतात, अंगावर हलव्याचे दागिने आणि डोक्यावरून बोरं-चुरमुरे. यात पिवळं कुठे बसतं? तत्त्व ते तत्त्व.

लोकरीची लच्छी तिनं माझ्या दोन्ही हातांत अडकवली आणि समोर बसून गुंडा करू लागली. गुंडा करता करता तिचा गुडघा, गॅसचा सिलिंडर आणि शेजारच्या नर्मदाबाईंच्या सुनेचं बाळंतपण हे सगळे विषय सविस्तर झाले. मला मधे एकही शब्द बोलता आला नाही. हात अडकले की वाक्यच सुरू होत नाही, असं वाटलं. घसा बसला असणार. मिठाच्या गुळण्या केल्या.

२७ नोव्हेंबर, रविवार.

माप घ्यायला नजरबादला मुलीकडे गेलो. गुंडू पालथा झोपला होता. छाती, पाठ, हात मोजले. कृष्णवेणी म्हणाली, डोक्याचंही घ्या अप्पा, यानं आजोबांचं डोकं घेतलं आहे. मी हसलो. स्वेटर अंगात घालतात, डोक्यात नाही.

मग म्हणाली, निदान खांद्यावर दोन बटणं ठेवा. बटणं म्हणजे तडजोड. जे एकसंध असू शकतं त्याला फट का ठेवायची? हे वाक्य भाषणात घ्यायचं.

परतताना अ‍ॅस्टरचं बी घेतलं.

४ डिसेंबर, रविवार.

सुलट टाका आला. उलटही आला. या विद्येभोवती एवढं गूढ कुणी उभं केलं, याचा शोध घेतला पाहिजे.

नवी पद्धत बसवली आहे. विणता विणता भाषणाची तालीम. एका दगडात दोन पक्षी मारण्याची ही पद्धत बायकांना आजवर सुचली नाही. एकच अडचण, महत्त्वाच्या मुद्द्याला माझा उजवा हात वर जातो. सुई हातातच असते. काही टाके खाली राहतात. सीतालक्ष्मी शेजारी केसांतली पिन घेऊन बसते आणि काहीतरी उचलत असते. मी विचारलं नाही. तिलाही एखादा छंद हवाच.

११ डिसेंबर, रविवार.

केक केला. अ‍ॅल्युमिनियमच्या गोल ओव्हनमध्ये, काचेतून बघत. बघताना 'स्त्री, स्वयंपाकघर आणि सत्ता' यावर काही विचार सुचले, ते लिहायला बाहेर गेलो. परत आलो तोवर केक आत बसला होता. फुगलेला केक पोकळ असतो. हा भरीव आहे. कापायला अडकित्ता लागला. माझ्या वाट्याचा तुकडा मी खाल्ला. सीतालक्ष्मीनं तिच्या वाट्याचा संध्याकाळी खाईन म्हणून ठेवला.

केक सिद्ध झाला असल्यामुळे पुन्हा करण्याची गरज नाही.

१८ डिसेंबर, रविवार.

अ‍ॅस्टर उगवले. नाजूक, कातरलेली पानं. वास ओळखीचा वाटतो. सीतालक्ष्मी म्हणते की त्या कुंडीत तिनं आधीच धणे पेरले होते. असतील. पण उगवले ते अ‍ॅस्टर.

दुपारी तिनं माझे अ‍ॅस्टर खुडून सारात घातले. सार चांगलं झालं होतं.

यापुढे सगळं लक्ष स्वेटरवर. माणसानं एका वेळी एकच काम करावं, हे मी पहिल्यापासून म्हणत आलो आहे.

२५ डिसेंबर, रविवार.

पाठ आणि पोट झालं. जोशपूर्ण भाग विणताना हात आवळला जातो, त्यामुळे वीण घट्ट आहे. इतकी की पाठ फळीवर टेकवली तर आधाराशिवाय उभी राहते. असा दर्जा बाजारात मिळत नाही. सीतालक्ष्मीनं गालाला लावून बघितली आणि म्हणाली, बाळाला टोचेल. टोचेल कसली. बाणेदारपणा आहे तो.

उजवी बाही जरा लांब झाली. विवाहित पुरुषांच्या हालअपेष्टांचा परिच्छेद तिथे आला होता, तो आवरेना.

१ जानेवारी, रविवार.

नववर्षाचा संकल्प : रोज पहाटे पाचला उठून विणणे.

आठला उठलो. धुकं फार होतं. चामुंडी डोंगर दिसत नव्हता, मग काळी लोकर काय दिसणार.

८ जानेवारी, रविवार.

डावी बाही अजून कोपरापर्यंतच. शांताक्काकडे गेलो आणि शास्त्राधारासह मांडलं की बोरनहाण रथसप्तमीपर्यंत कधीही चालतं. अर्धा तास बोललो. ती अवरेकाळू, म्हणजे पावट्याच्या शेंगा, सोलत होती, सालींचा ढीग वाढत गेला. शेवटी म्हणाली, हॉल सांगून झाला, आचारी सांगून झाला. मग स्वेटर हातात घेतला, गळ्यात दोन बोटं घातली, बराच वेळ बघितलं आणि अगदी प्रेमानं विचारलं, "तिरुमलराव, गळा एवढाच?"

मी म्हणालो, "थंडी गळ्यातूनच शिरते."

"हौदु, खरंच," म्हणाली आणि पुन्हा शेंगा सोलायला लागली. तिला निरुत्तर करणारा या घराण्यातला मी पहिलाच जावई.

१३ जानेवारी, शुक्रवार. दुपार.

झाला! पूर्ण!

शिवण घालताना सीतालक्ष्मीनं शेवटचं विचारलं, खांदा थोडा उघडा ठेवू का, कुणाला कळणार नाही. मला कळेल, म्हणालो. मग ती पदरानं डोळे पुसत आत गेली. खांदे हलत होते. इतकी वर्षं झाली, पण माझा अभिमान तिला अजून असा दाटून येतो.

माझा बंद गळ्याचा कोटही तिनं इस्त्री करून ठेवला आहे. भाषण बावीस पानांचं झालं.

१५ जानेवारी, रविवार. संध्याकाळ.

घडलं ते घडलं त्याच क्रमानं लिहितो.

हॉल भरलेला. एळ्ळु-बेल्ल, म्हणजे इथला तीळगूळ, वाटून झालं. पाटावर गुंडू, हलव्याचा मुकुट मागे तयार. शांताक्कानं माईकवरून जाहीर केलं की स्वेटर आजोबांनी स्वतः विणला आहे, आणि माईक माझ्या हातात देऊन ठेवला. म्हणजे तिनं हार मानली होती. मी खिशातून बावीस पानं काढली.

कृष्णवेणीनं स्वेटर गुंडूच्या डोक्यावर धरला आणि खाली ओढला. तो कपाळापर्यंत आला. मग तिनं जोर लावला. नाकापर्यंत आला. तिथे थांबला. वरही जाईना, खालीही येईना. दोन्ही बाह्या डोक्याच्या दोन बाजूंना ताठ उभ्या, उजवी जास्त उंच. गुंडूनं पाय झाडले. मग आतून आवाज आला. तसा आवाज या घराण्यात माझ्यानंतर त्यालाच.

कृष्णवेणी रडवेली झाली. अख्खा हॉल माझ्याकडे बघत होता. माईक चालू होता. "अग्रहारातल्या विवाहित पुरुषहो" अगदी ओठावर होतं.

मी म्हणालो, "कात्री आणा."

एकदम बारा-पंधरा बायका उठल्या. दोन पुरुषही धावले. आचारी आला तो विळी घेऊन. सीतालक्ष्मीच्या पिशवीत कात्री होतीच. ती का होती, हे विचारायचं राहिलं. तिनं गळ्याचा एक टाका कापला, टोक धरलं आणि ओढत गेली. गळा सुटला, खांदे सुटले, माझे सगळे मुद्दे एकामागून एक सुटत गेले. गुंडूचं नाक दिसलं, कपाळ दिसलं. त्याला धागा दिसला, तोही ओढू लागला. रडणं थांबलं. दोन दात दाखवून हसला. डोक्यावर बोरं पडली तेव्हा अंगात फक्त काळं झबलं होतं.

टाळ्या पडल्या. मी वाकून स्वीकारल्या.

मग शांताक्कानं माईक घेतला आणि म्हणाली, यंदाचं भाषण दोन शब्दांचं झालं, पण मंडळींच्या आजवरच्या भाषणांत याच्याइतकं उपयोगी दुसरं नाही. हे तिनं जाहीरपणे म्हटलं. साक्षीदार आहेत.

नंतर खाली बसून बोरं वेचली. अटीमुळे नव्हे. उभं राहून पाय दुखले होते.

एक मात्र नोंदवलं पाहिजे. मी काही सांगावं आणि सगळ्या सभेनं उठून ते करावं, हे आज प्रथमच घडलं.

१६ जानेवारी, सोमवार. सकाळी सात.

रात्रभर विचार केला. प्रभावी वक्तृत्वाचं रहस्य या विषयावर ग्रंथ लिहिणार. पहिलं प्रकरण, संक्षेप. अंदाजे तीनशे पानं. आजच सुरुवात.

गुंडूचं दुसरं झबलं सीतालक्ष्मी विणणार आहे, त्याच लोकरीचं, पुढून उघडं. बटणं मी निवडावीत, म्हणाली. पाच घ्यावीत असं मला वाटतं. यात तडजोड नाही. बटणांबद्दलचं माझं मत पूर्वीपासून संतुलित आहे.

ती धुतलेल्या लोकरीची लच्छी घेऊन समोर येऊन बसली आहे. गुडघ्याच्या डॉक्टरनं काय सांगितलं, ते तिला सांगायचं आहे. नोव्हेंबरपासून सांगायचं राहिलं आहे म्हणे. मी म्हटलं, आधी ग्रंथाचं पहिलं पान होऊ दे.

"पेन ठेवा," म्हणाली. "हात पुढे करा."