सासऱ्यांच्या रेझरवरचा अंगठा व इतर मालमत्ता

मी, वय वर्षे त्र्याहत्तर, सेवानिवृत्त परिचारिका, हे मृत्युपत्र चष्मा पुसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण आणायचे तर आधी बोलावे लागते, आणि या घरात माझ्याशी कोणी बोलत नाही. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. डॉक्टरांनी मला आजचा वार विचारला. मी तो सांगितला, आणि जबड्याखाली रेझर उलटा फिरवल्यामुळे त्यांना पुळ्या येतात हेही सांगितले. त्यांनी लगेच सही केली.

कलम १. तळमजल्याच्या तीन खोल्या व बँकेत असेल ते, सर्व माझ्या मुलीला. वरचा मजला माझ्या धाकट्या दिरांचा आहे व त्यांचाच राहील. त्यांच्याविषयी जे म्हणायचे आहे ते पुढे येईल.

कलम २. मागच्या खोलीतील कपाटात धातूच्या मुठीचे जुने कार्ट्रिज रेझर एकशे बारा, ब्रश चाळीस व पेटीसह दाढीचे पूर्ण संच नऊ आहेत. ते हौसेने जमवले असा कोणाचा समज असल्यास तो काढून टाकावा. इस्पितळात एकतीस वर्षे शस्त्रक्रियेआधी रुग्णांचे केस काढण्याचे काम माझ्याकडे होते. वापरून फेकायचे प्लास्टिकचे रेझर आले आणि जुने सगळे भंगारात निघाले. मला ते बघवेना. रीतसर परवानगी घेऊन पिशवी भरून घरी आणले. पात्याचे सुटे डोके, म्हणजे कार्ट्रिज, धरणारी खाच साबणाने बुजलेली, आतली स्प्रिंग गंजलेली; कोमट पाण्यात भिजवून, जुन्या टूथब्रशने घासून, एकेक चालता केला. पुढे लोक आजोबा-पणजोबांचे संच आणून देऊ लागले.

दुरुस्त केलेला रेझर चालवून पाहिल्याशिवाय तो दुरुस्त झाला असे मी मानत नाही. मला दाढी येत नाही. यजमानांना येत असे.

कलम ३. यजमानांच्या सतरा वह्या कोणीही रद्दीत घालू नयेत. बावीस वर्षे ते रोज डावा गाल एका रेझरने व उजवा दुसऱ्याने करीत आणि लिहून ठेवीत. ‘डावा: ओढतो. उजवा: लोणी.’ एकदा उजव्या बाजूच्या रेझरची कार्ट्रिज संपली. ती बनणे बंद झालेले. मी दुसरा रेझर पुढे केला, तर म्हणाले, प्रयोग अर्धवट सोडायचा नाही. नऊ दिवस अर्धी दाढी वाढवून कचेरीत गेले. त्यातच त्यांच्या बढतीची मुलाखत आली. साहेबांनी चेहऱ्याकडे बघून कारण विचारले, तेव्हा यांनी शांतपणे सांगितले, “उजव्या बाजूचा माल अजून आलेला नाही.”

बढती मिळाली. मात्र नवी खुर्ची भिंतीला लागून दिली गेली, उजवा गाल भिंतीकडे.

कलम ४. संपूर्ण संग्रह, कलम ५ मधील एक रेझर वगळता, जावयांना. त्यांच्या गालावर केस नाही. लग्नाच्या वेळी मी अडून बसले होते व मुलीला खरे कारण सांगायची लाज वाटली म्हणून ‘मुलगा अबोल आहे’ असे म्हणत राहिले. ते माझे चुकले. याच माणसाने गावोगावच्या बंद पडलेल्या दुकानांच्या माळ्यांवर चढून जुन्या कार्ट्रिजची पाकिटे शोधून आणली, स्वतःला एकही लागत नसताना. त्यांनी रेझर चालते ठेवावेत. गाल कुठून आणायचे ते त्यांनी बघावे.

कलम ५. सासऱ्यांचा रेझर धाकट्या दिरांना.

यजमान गेल्यावर दिरांनी आपण होऊन गाल दिले. दर रविवारी सकाळी खाली यायचे, खुर्चीत बसायचे, मान वर करायचे. त्यांनीच एके दिवशी त्यांच्या वडिलांचा रेझर दुरुस्तीला दिला. स्प्रिंग तुटली होती, मुलामा काळवंडला होता. मी स्प्रिंग बसवली आणि शेजारणीकडून कवळ्यांना चकाकी आणायची पेस्ट आणून मूठ आरशासारखी केली. मोठ्या अभिमानाने त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी ती उलटीसुलटी केली. सासऱ्यांच्या अंगठ्याने मुठीवर एक पुसटसा खळगा पडला होता. तो मी घासून सपाट केला होता. मला तो खराबी वाटला होता.

भाऊजी एवढेच म्हणाले, “वहिनी, बाबांचा अंगठा पुसलात तुम्ही.”

रेझर माझ्याच टेबलावर ठेवून ते वर गेले. त्या दिवसापासून बोलणे बंद व दाढी सुरू. आज जिन्यातून ते उतरतात तेव्हा आधी दाढी दिसते, मग ते. मी तीनदा माफीची चिठ्ठी जिन्यावर ठेवली. तिन्ही वेळा ती तिथेच राहिली.

तेव्हापासून नऊ वर्षे मी रोज अर्धा तास त्या मुठीवर माझा अंगठा घासते आहे. खळगा पुन्हा पडला आहे. बोट फिरवले तर कळतो. पण तो माझ्या अंगठ्याचा आहे, सासऱ्यांच्या नाही, हे मी इथे कबूल करते.

कलम ६. घासायचे ब्रश, चिमटे व लहान शेगडी कवळ्या बनवणाऱ्या शेजारणीला. दोष तिच्या पेस्टचा नव्हता.

पुरवणी, त्याच दिवशी. दुसऱ्या साक्षीदारासाठी वकीलसाहेब, आमचा अबोला ठाऊक नसल्याने व मजकूर अजून वाचलेला नसल्याने, वर जाऊन दिरांनाच घेऊन आले. ज्यावर सही करायची ते वाचल्याशिवाय करणार नाही, असे दिरांनी त्यांना सांगितले आणि उभ्याउभ्या सगळे वाचले. कलम ५ ला थांबले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “नऊ नाही. आठ वर्षं दहा महिने.”

मी कपाटातून रेझर काढून दिला. त्यांनी खळग्यात अंगठा ठेवला. तो मावला नाही. तरी बराच वेळ तसाच ठेवला. दाढीचा विषय कोणी काढला नाही.

वकीलसाहेब अवघडून म्हणाले की दुसरा साक्षीदार शोधतो, कारण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. दिरांनी सही केली तर त्यांचा रेझरवरचा हक्क जाईल. दिरांनी पेन मागितले. मी म्हटले, “भाऊजी, तो तुमचाच आहे.”

“घेणारा झालो तर तुमच्या मरणाची वाट बघत बसावं लागेल,” ते म्हणाले. “त्यापेक्षा साक्षीदार बरा.”

सबब कलम ५ रद्द समजावे. त्या रेझरचे काय करायचे ते आम्ही दोघे मिळून, सवडीने ठरवू.

लिहून देणार: सही (परिचारिका, सेवानिवृत्त)

साक्षीदार पहिले: सही (डॉक्टर)

साक्षीदार दुसरे: सही (धाकटे दीर, वरचा मजला)

स्थळ: मागची खोली, खिडकीजवळचे टेबल

दिनांक: महिन्याचा दुसरा रविवार, सकाळी साडेदहा