डब्यावरची बारीक अक्षरं

माय,

काल नातीला मुलगी झाली. नर्सनं बाळ पुसलं आणि लगेच तिच्या छातीशी दिलं. कुणी चकार शब्द काढला नाही. मी बाजूला बसून बघत होते. एवढ्याशा गोष्टीसाठी मी तुझ्याशी किती भांडले होते, ते आठवलं.

दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. मी आष्टीजवळच्या शाळेत मास्तरीण, आपल्या वस्तीतली पहिली. हे जालन्याला कामाला, रविवारी यायचे, म्हणून मी तुझ्याजवळच राहत होते. थोरली तीन वर्षांची, पण उचलली तर हाताला नुसती हाडं लागायची. दुसऱ्या बाळंतपणात सुईणीनं नाळ कापली आणि तू गुळाच्या पाण्यात कापसाची वात भिजवून पुढं आलीस.

"चीक जड असतो. तीन दिस पिळून टाक. मंग दुधाच्या पावडरीचा डबा लावू. तुला शाळंत जायचंय का न्हाई?"

मी म्हटलं, "शेळी व्याली की करडू आधी आचळाला लावतीस. त्याला न्हाई जड होत?"

"तू का शेळी हाईस?"

"शेळीपेक्षा खालची बी न्हाई."

सुईण तोंडाला पदर लावून हसली. तू हसली नाहीस. तुझी भीती मला कळत होती. जन्मभर दुसऱ्याच्या रानात खुरपून तू मला शिकवलंस, आणि लेकराच्या पायी माझी नोकरी गेली तर माझ्याही हातात खुरपंच येणार, हे तुला दिसत होतं. शिवाय डब्याचा तुला अभिमान होता. गुबगुबीत बाळाचं चित्र असलेला तो डबा, शिकलेल्या बायकांच्या घरचा. थोरलीच्या वेळी आलेल्या-गेलेल्याला दिसेल असा तू फळीवर मांडायचीस. रिकामा झाल्यावर त्यात मीठ भरलंस, पण जागा तीच ठेवलीस.

"थोरली न्हाई का वाढली डब्यावर?" तू म्हणालीस.

"वाढली? चार चमचे पायजेत तिथं तू एक घालायचीस. पाणी पाजलंस तू माझ्या लेकीला."

"चार? कोन म्हनलं?"

"डब्यावर लिहिलंय."

तू वाटी खाली ठेवलीस. फळीवरून डबा काढलास आणि एक अक्षर येत नसताना तो हातात कितीतरी वेळ फिरवत राहिलीस. मी धाकट्याला छातीशी धरलं. तो लागलीच ओढायला लागला, आणि मी ठरवलं की याच्या तोंडाला डबा लागणार नाही, मग नोकरीचं काही होवो.

रजा संपली त्या सकाळी मी म्हटलं, "येतीस का शाळंत? न्हाई तर पाठीला बांधून नेते." तू त्याला दुपट्यात गुंडाळलंस आणि माझ्यापुढं चालायला लागलीस. शाळेच्या निंबाखाली बसलीस, रोज, आपली मजुरी बुडवून. मी मधेच पाजायला बाहेर येते म्हणून हेडमास्तर कुरकुरले, तेव्हा मी तोंड उघडायच्या आत तूच उठलीस. "मास्तर, समद्या पोरांना मधली सुट्टी देता ना? मंग ह्याला बी द्या बराबर." धाकटा दीड वर्षाचा होईपर्यंत तू निंबाखालची जागा सोडली नाहीस. आता पन्नाशीला आलाय, पण अजून दांडगा आहे. थोरली मात्र तशीच हडकुळी, जरा वारं लागलं की अंथरूण धरते.

त्या दिवसाबद्दल तू मला कधीच काही म्हणाली नाहीस. पण वस्तीत कुठंही बाळंतपण झालं की न बोलावता जायचीस आणि सांगायचीस, "माझ्यावानी करू नका बायांनो. डबा आनलाच तर आधी कुनाकडून वाचून घ्या." मी शेजारी उभी असायचे. मान खाली घालून.

तुला आलेलं प्रत्येक पत्र मीच वाचून दाखवलं. तू गेल्यावर हे पत्र तुला कोण वाचून दाखवणार, म्हणून आता लिहायचं धाडस होतंय. थोरलीचा डबा घरी आला त्याच दिवशी मी तो वाचला होता. चार चमचे. तसं केलं तर डबा आठवडाही पुरला नसता, दुसरा आणायला पैसा नव्हता, आणि तिला अंगावर पाजायला मला शाळा सोडून घरी बसावं लागलं असतं. समोर तू एकच चमचा घातलास. मी पाहिलं, आणि पोरांच्या वह्या तपासत राहिले.

पाणी मी पाजलं, माय. तू नुसतं ढवळत होतीस.